जुन्या लष्करी रायफलीच्या नळीचं तोंड: झीज कशी ओळखायची, दुरुस्ती कशी समजून घ्यायची

रायफल नीट लागत नाही म्हटलं की नवखा माणूस आधी दुर्बिणीला दोष देतो, मग काडतुसाला, मग स्वतःच्या हाताला. नळीच्या तोंडाकडे तो सगळ्यात शेवटी बघतो. वास्तविक गोळीचा आणि रायफलीचा शेवटचा संबंध येतो तो तिथेच. त्या शेवटच्या चार-पाच मिलिमीटरमध्ये खोट असेल, तर मागची दोन फूट नळी कितीही चांगली असली तरी गोळी भरकटते. ही झीज कशी तपासायची, जुन्या दुरुस्त्या कशा ओळखायच्या आणि कारागिराकडे गेल्यावर काय विचारायचं, हे इथे पहिल्यापासून सांगतो आहोत. नळीला हत्यार लावायचं काम मात्र घरचं नाही.

आपल्याकडे कुठल्या रायफली दिसतात?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या घरांत आजोबांच्या परवान्यावरून वारसाने आलेली रायफल बहुधा .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, इंचात) असते. ती पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची असेल, तर तिची बोल्टची (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची) यंत्रणा जुन्या ब्रिटिश लष्करी ली-एनफील्डचीच असते. खरी .३०३ ही प्रतिबंधित बोअर आहे, साध्या परवान्यावर मिळत नाही. ती पोलिसांकडे, एनसीसीत किंवा संग्रहालयात बघायला मिळते. काही घरांत माउझर पद्धतीच्या शिकारी रायफलीही आहेत. पण तोंडाच्या दुरुस्तीचं सगळं शास्त्र लष्करी शस्त्रागारांत घडलं, म्हणून उदाहरणं .३०३ एनफील्ड आणि रशियन मोसिन-नागांतची घ्यावी लागतात. तत्त्व सगळ्यांना एकच लागू पडतं, मापं मात्र वेगळी. .३०३ चं माप .३१५ ला लावू नका.

आधी कायदा

शस्त्र कायदा, १९५९ मधली तीन कलमं या कामाशी थेट जोडलेली आहेत.

कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणं आणि विकणं यांच्याच ओळीत दुरुस्ती आणि चाचणीही येते. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर शतांश मिलिमीटरचं काम रोज करणारे कसबी हात आहेत, पण शस्त्रदुरुस्तीचा परवाना नसलेल्याला नळी देऊ नका. अडचणीत दोघंही येता. शस्त्रविक्रेत्याकडे गेलात तरी त्याच्या परवान्यात दुरुस्तीचा उल्लेख आहे का, ते विचारून घ्या.

कलम ६ प्रमाणे नळी आखूड करायलाही स्वतंत्र परवाना लागतो. 'तोंड खराब झालंय, अर्धा इंच कापून टाकू' हे वाक्य वर्कशॉपमध्ये सहज निघतं. कायद्याच्या भाषेत ते नळी आखूड करणं आहे आणि कलम २५ खाली तो गुन्हा ठरतो.

कलम ४५ मध्ये जुनाट किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे, पण ते शस्त्र दुरुस्ती करूनही चालण्याजोगं नसेल तरच. नुसतं तोंड झिजलेली, गंजलेली रायफल या सुटीत बसत नाही. ती बंदूकच आहे आणि तिला परवाना लागतोच.

सीमाभागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. बेळगावहून शिनोळीला पोचलात की चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र सुरू. निपाणीहून कोगनोळी ओलांडलं की कागल. दुरुस्तीसाठी कोल्हापूरला जायचं असेल, तर परवान्यावरचं क्षेत्र आधी वाचा. तिथे फक्त जिल्हा किंवा फक्त कर्नाटक लिहिलेलं असेल, तर रायफल घेऊन हद्द ओलांडता येत नाही. ज्या कार्यालयाने परवाना दिला, तिथे आधी लेखी विचारा. नेताना रायफल रिकामी, बोल्ट वेगळा, खोळीत बांधलेली आणि मूळ परवाना बरोबर.

तोंडाला एवढं महत्त्व का?

नळीच्या आत पिळाच्या खाचा कोरलेल्या असतात. दोन खाचांमधल्या उंच पट्टीला आपण कंगोरा म्हणू. .३०३ एनफील्डला पाच खाचा असतात, पीळ डावीकडे वळलेला आणि दहा इंचांत एक पूर्ण वेढा. गोळी कंगोऱ्यांवर चावत, फिरत पुढे येते. तिचा मागचा सपाट भाग तोंडातून सुटतो त्याच क्षणी मागचा दाबाखालचा गॅस बाहेर उसळतो. तोंडाची कड सगळीकडून सारखी असेल, तर गॅस गोळीच्या भोवतीने सारखा सुटतो. एका बाजूला कड झिजलेली किंवा ठेचलेली असेल, तर गॅसला तिथे आधी वाट मिळते आणि गोळीच्या बुडाला एका अंगाने धक्का बसतो. गोळी डुगडुगतच बाहेर पडते. भोवऱ्याची दोरी शेवटी तिरकी सुटली की भोवरा कसा झुलतो, तसंच.

या कडेच्या आकाराला क्राउन म्हणतात. गोलसर, सपाट किंवा आत दबलेला असे त्याचे प्रकार आहेत. कुठला आकार चांगला यावर पुष्कळ वाद घालता येतो, पण कड नळीच्या आसाला काटकोनात आणि सगळीकडून सारखी असली की आकाराने फारसा फरक पडत नाही.

झीज कशाने होते?

जास्त गोळ्या झाडून तोंड झिजतं, ही समजूत बहुतेक वेळा चुकीची असते. गोळीबाराची मुख्य झीज होते चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढे, जिथे गॅस सगळ्यात गरम असतो. १८८८ च्या ली-मेटफर्ड या ब्रिटिश रायफलीच्या सात उथळ खाचा कॉर्डाइट या नव्या दारूच्या उष्णतेपुढे टिकल्या नाहीत, म्हणून १८९५ मध्ये पाच खाचांची एनफील्ड नळी आली. तोंड मात्र झिजतं ते साफसफाईने.

एनफील्डच्या दस्त्यातल्या कप्प्यात तेलाची छोटी बाटली आणि पुल-थ्रू नावाची दोरी असते. दोरीचं पितळी वजन चेंबरकडून आत सोडायचं आणि तोंडातून दोरी ओढून घ्यायची. दोरी सरळ ओढली तर काही बिघडत नाही. पण सैनिक घाईत ती खाली किंवा बाजूला ओढतो, दोरी कडेवर घासते, आणि दोरीत बसलेली बारीक वाळू कानशीसारखी काम करते. वर्षानुवर्षं असं झालं की तोंडाचा गोल एका बाजूला लांबट होतो. त्यातून दोरीला तारेची जाळी गुंडाळून घासायची सवय असेल तर झीज आणखी लवकर होते.

मोसिनमध्ये सळई तोंडाकडून घालायची पद्धत होती. लोखंडी सळई आत-बाहेर करताना नेमकी कडेवर घासते. युद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनी अशा पुष्कळ रायफलींची तोंडं काउंटरबोर केली, म्हणजे झिजलेला भाग मोठ्या भोकाने कोरून टाकला, तो याच कारणाने.

तिसरं कारण मीठ. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत (बुडाशी दारू पेटवणाऱ्या भागात) पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं. ते आपल्या मिठाच्या जातीचंच, हवेतला ओलावा ओढून घेणारं. तेलाने ते विरघळत नाही, पाण्याने विरघळतं. म्हणून जुने सैनिक गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतायचे. पावसाळ्यात कणकुंबीच्या घरात हे मीठ नळीत राहिलं, तर तोंडाजवळ दोन-तीन दिवसांत तांबूस ठिपके येतात आणि पुढे त्यांचे खड्डे होतात.

तपासणी: पायरीपायरीने

पहिली पायरी, रायफल रिकामी करा. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि बोट घालून खात्री करा. मग बोल्ट पूर्ण बाहेर काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. एकापेक्षा जास्त एनफील्ड असतील तर बोल्टची अदलाबदल करू नका, प्रत्येक बोल्ट आपल्याच रायफलीला जुळवलेला असतो. काडतुसांचा डबा टेबलावर नको. जिवंत काडतुसाचं टोक तोंडात घालून 'किती आत जातं' बघायची एक पद्धत सांगितली जाते. ती वापरू नका. त्याच कामाला गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या मापाच्या पिना, आहेत.

दुसरी पायरी, नळी साफ करा, तीही चेंबरकडून. घाण असलेल्या नळीत झीज दिसत नाही, आणि कार्बनचा थर खड्डा असल्याचा भास करून देतो.

तिसरी पायरी, आरपार बघा. चेंबरमध्ये पांढरा कागद तिरका धरा, त्यावर टॉर्च मारा आणि तोंडातून बघा. कंगोरे तोंडापर्यंत धारदार येतात, की शेवटच्या बोटभर जागेत पुसट होतात? नळीत आतून कुठे काळसर कडं दिसतं का? असं कडं म्हणजे नळी तिथे फुगलेली असण्याची शक्यता. तोंडात चिखल, पाणी किंवा चिंधी अडकलेली असताना गोळी झाडली की असं होतं. बाहेरून बोट फिरवलं तर फुगवटा हाताला लागतोही. आपल्याकडे कुंभारीण माशी भिंतीच्या भोकात, नळीच्या तोंडात मातीचं घर करते. महिनाभर न बघितलेल्या रायफलीत ते सापडू शकतं. फुगलेल्या नळीवर तोंडाची कुठलीही दुरुस्ती चालत नाही, तिथे नळीच बदलावी लागते. तोवर ती रायफल चालवायची नाही.

कंगोरे अजिबात दिसत नसतील तर लगेच 'पार झिजली' म्हणू नका. पोलिसांसाठी आणि पहारेकऱ्यांसाठी ईशापूरने एनफील्डवरून .४१० च्या मस्केट बनवल्या होत्या. त्यांची नळी मुळातच गुळगुळीत असते. नळीवरचे ठसे वाचा. 'डीपी' असा ठसा असेल तर ती कवायतीची रायफल, ती झाडायचीच नाही.

चौथी पायरी, कड जवळून बघा. दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग घ्या. टॉर्च बाजूने तिरकी धरा. आता प्रत्येक कंगोऱ्याचं टोक वेगळं बघा. धड कड असेल तर पाचही टोकांवर बारीक, सारख्या जाडीची चकाकती रेघ दिसते. एखाद्या टोकावर ती रेघ रुंद झाली असेल, तर तिथे कड गोलावली आहे. तुटक दिसली तर ठेच आहे. मग कापसाचा बोळा लावलेली काडी आत घालून कडेवरून हळू बाहेर ओढा, प्रत्येक बाजूने एकेकदा. बारीक धागे जिथे अडकून राहतात तिथे धातूचा खरखरीत काठ उभा आहे. डोळ्याला न दिसणारा काठ कापूस सांगतो.

रेंजवर चार-पाच गोळ्या झाडल्यावर तोंड पुसण्याआधी बघितलंत तर आणखी चांगला पुरावा मिळतो. कार्बनचा तारा उमटलेला असतो, खाचा जितक्या तितक्या पाकळ्या. पाकळ्या सारख्या लांबीच्या असतील तर गॅस सारखा सुटतो आहे. एक पाकळी पसरलेली, दुसरी आखूड, म्हणजे खोट त्याच बाजूला. लगेच फोटो काढून ठेवा.

पाचवी पायरी मापाची, आणि इथे नवखे हमखास फसतात. व्हर्नियरचे आतले जबडे तोंडात घालून माप घेतात. चार खाचांच्या नळीत, म्हणजे मोसिन किंवा माउझरमध्ये, कंगोऱ्यासमोर कंगोरा येतो, म्हणून निदान काहीतरी अर्थाचं माप मिळतं. पाच खाचांत कंगोऱ्यासमोर खाच येते. जबडा एकीकडे कंगोऱ्यावर आणि दुसरीकडे खाचेत, आणि आलेला आकडा कशाचाच नसतो. म्हणून गोल पिन गेजच लागतो. ब्रिटिश आर्मररचा (लष्करी शस्त्रदुरुस्ती कारागिराचा) नियम होता की .३०३ च्या नळीत .३०१ इंचाचा गेज आरपार गेला पाहिजे, आणि .३०८ चा गेज तोंडातून पाव इंचापेक्षा, म्हणजे दोन सुतांपेक्षा जास्त आत जाता कामा नये. मिलिमीटरमध्ये हे अनुक्रमे ७.६५ आणि ७.८२ होतात.

दुसऱ्या बोअरसाठी पिनांची मालिका वापरा. .३१५ इंच म्हणजे ८.०० मिमी. तिथून सुरू करून दोन-दोन शतांशांनी वर जा आणि प्रत्येक पिन किती खोल जाते ते लिहा. पिनला तेलाचं बोट लावा, रायफल तोंड वर करून उभी धरा, पिन आपल्या वजनानेच उतरू द्या. दाबायची नाही, ती कठीण पोलादाची असते. सगळ्या पिना एकाच खोलीवर अडल्या तर तिथे भोकाच्या आत पायरीसारखी कड आहे. मोठी पिन थोडी आत, लहान पिन जास्त आत, असं हळूहळू होत गेलं तर तोंड फनेलसारखं झिजलंय.

जुना काउंटरबोर ओळखणं

रायफल हातात आली आणि तोंडाशी कंगोरेच नाहीत, पण बोटभर आत एकदम सुरू होतात, असं दिसलं तर घाबरू नका. ही शस्त्रागाराची जुनी दुरुस्ती असू शकते. झिजलेला भाग मोठ्या भोकाने कोरून टाकायचा, म्हणजे नवं तोंड आत तयार होतं. बाहेरची लांबी तीच राहते. लष्कराला हे सोयीचं होतं, कारण पुढची माशी (नेम धरायचा तोंडाजवळचा काटा), नोजकॅप (लाकडाच्या पुढच्या टोकाची धातूची टोपी), संगिनीची बैठक काहीच हलवावं लागत नाही.

खराट्याची काडी घ्या, टोक किंचित वाकवा आणि भिंतीला लावून आत सरकवा. जिथे काडी पायरीवर अडते तिथे तोंडाशी अंगठ्याचं नख लावून खूण करा आणि बाहेर काढून मोजा. मोसिनमध्ये १२ ते २५ मिमीची खोली सहज आढळते. काउंटरबोरचं भोक खाचांच्या तळापेक्षा मोठंच हवं, नाहीतर खाचांची टोकं अर्धवट राहतात.

आता चेंबरकडून उजेड टाकून तोंडातून सरळ बघा. आत पायरीचं एक कडं दिसेल, बांगडीसारखं. सगळीकडून सारख्या रुंदीचं असेल तर काम आसाला धरून झालंय. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक, चंद्रकोरीसारखं दिसलं, तर भोक सरकलेलं आहे आणि आतला क्राउनही बहुधा तिरका आहे. भिंतीवर गुंडाळीसारखे ओरखडे, थरथरल्याच्या लाटा दिसल्या तर कुणीतरी हातातल्या ड्रिलने केलेलं काम समजा. चांगला काउंटरबोर हा दोष नाही. आम्ही तर झिजलेल्या मूळ तोंडापेक्षा सुबक काउंटरबोरची रायफल पसंत करू. विकणाऱ्याने तो लपवला असेल तर मात्र किंमत कमी करून मागा.

दोष खरंच तोंडाचा आहे का?

नळीला हात लावण्याआधी एवढं बघाच. पुढचा मोठा स्क्रू, ज्याला किंग स्क्रू म्हणतात, तो सैल आहे का? पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, स्क्रू ढिला होतो. माशी हलते का? पूर्ण लाकडाच्या लष्करी एनफील्डमध्ये नोजकॅपच्या आत स्प्रिंगवरची खुंटी नळीला खालून वर दाबते. ती हरवलेली असेल, किंवा नोजकॅप तोंडाला एका बाजूने टेकत असेल, तर क्राउन नवा कोरा असूनही गोळ्या पसरतात. मोसिनचा नेम संगीन लावून जुळवलेला असतो, संगीन काढली की गोळी दुसरीकडे लागते. तो दोषच नाही.

गोळ्या ठरावीक जागी, पण लांब लागत असतील तर माशीचा प्रश्न. गोळ्या पसरत असतील, आणि कागदावरचं भोक गोल न पडता लांबट पडत असेल, तर गोळी डुगडुगते आहे, तोंडाकडे वळा. ही चाचणी परवानाधारक रेंजवरच करायची, उसाच्या फडाच्या बांधावर नाही.

दुरुस्तीचे प्रकार

सगळ्यात हलकं काम म्हणजे कड घासून घेणं. नुसता खरखरीत काठ उभा असेल, तर गोल डोक्याचं पितळी टूल आणि बारीक लॅपिंग पेस्ट (घासून गुळगुळीत करायची, म्हणजे लॅप करायची, लेई) लावून कारागीर तो काढतो. टूल एका जागी फिरवायचं नसतं, फिरवता फिरवता आठच्या आकड्यात झुलवायचं असतं, नाहीतर एका बाजूची कड जास्त खाल्ली जाते. झीज बरी करायला हे पुरत नाही.

त्याच्या वरची पायरी तोंडावर फेस मारून (लेथवर टोक सपाट कापून) नवा क्राउन काढणं. एक-दोन दशांश मिलिमीटर धातू जातो. इथे सगळं काम सेंटरिंगवर अवलंबून आहे. लष्करी नळीचा बाहेरचा गोल आणि आतलं भोक एकाच आसावर असतीलच असं नाही. लेथवाला सवयीने बाहेरच्या गोलावर डायल (फिरताना होणारी डगमग मोजणारं उपकरण) लावतो, डायल शून्य दाखवतो, आणि क्राउन तरीही तिरका निघतो. डायल आतल्या भोकावरच लावायला हवा, भोकात घट्ट बसणारा पायलट, म्हणजे गोल दांडी, घालून. शतांश मिलिमीटरच्या आसपास आणल्याशिवाय टूल लावायचं नाही. पायलट झिजलेल्या तोंडात टेकला तर तोही डगमगतो, म्हणून तो आतल्या न झिजलेल्या कंगोऱ्यांपर्यंत लांब हवा आणि पितळी हवा.

झीज सात-आठ मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर काउंटरबोर. गेजची वही इथे उपयोगी पडते. झीज १४ मिमीपर्यंत असेल तर १५-१६ वर थांबायचं. 'अंगठाभर घेऊन टाकू' असं म्हणणाऱ्याला थांबवा, कोरलेलं परत येत नाही. पायरी काटकोनात आणि आतली कड लॅप केलेली हवी. चिप नळीत जाऊ नये म्हणून ग्रीस लावलेला कापूस पुढे कोंबतात, आणि नंतर तो चेंबरकडून तोंडाकडे ढकलून काढतात. उलटा ओढला तर चिपा कंगोऱ्यांवर ओरखडे काढतात. खाचांची लांबी तेवढी कमी झाल्याने गोळीचा वेग थोडा उतरतो, पण १५ मिमीसाठी तो तुमच्या निशाण्यावर जाणवणार नाही.

खड्डे तोंडाच्या इंचभर मागेही पसरले असतील, किंवा चेंबरच्या पुढचा भागही गेला असेल, तर काउंटरबोरवर पैसे घालू नका. नवी नळी हाच उपाय, आणि ते काम परवाना, नंबर आणि नोंदी यांच्यासकट होतं.

कारागिराकडे जाताना

गेजच्या नोंदींची वही, कार्बनच्या ताऱ्याचा फोटो आणि लक्ष्याचा कागद बरोबर न्या. 'बरोबर लागत नाही, बघा जरा' यापेक्षा 'उजव्या खालच्या कंगोऱ्याची कड गोलावली आहे, ८.०६ ची पिन ९ मिलिमीटर जाते' एवढं सांगितलंत की काम नेमकं होतं. डायल कुठे लावणार आणि पायलट कशाचा आहे, हे दोन प्रश्न विचारा. पावतीवर रायफलीचा नंबर, बोल्टचा नंबर आणि कामाचं नाव लिहून घ्या. नळीची बाहेरची लांबी बोल्टफेसपासून (बंद बोल्टच्या पुढच्या सपाट भागापासून) तोंडापर्यंत आधी मोजून पावतीवर घाला आणि परत घेताना पुन्हा मोजा. कलम ६ चा प्रश्न कधी निघाला तर हा कागद कामी येतो.

परत आणल्यावर

कापसाची काडी, भिंग, पिन, तीच तपासणी पुन्हा. मग रेंजवर पाच-पाच गोळ्यांचे तीन कागद. एका कागदावरून निकाल काढू नका.

यापुढची सफाई चेंबरकडूनच. सळई एकसंध, पितळी किंवा प्लास्टिकचा लेप असलेली. पुल-थ्रू वापरत असाल तर रायफल कुणाला तरी धरायला सांगा आणि दोरी नळीच्या रेषेत सरळ ओढा. दोरी मळली की फेकून द्या, धुऊन वापरू नका. .३०३ ला फ्लॅनेलचा तुकडा ४ बाय २ इंचाचा. टोपीत क्लोरेट असलेली जुनी काडतुसं झाडली असतील, तर त्याच दिवशी फनेल लावून चेंबरकडून दोन लिटर उकळतं पाणी, मग कोरडे तुकडे डाग येईनासा होईपर्यंत, मग तेल. पाणी लाकडात आणि यंत्रणेत शिरू देऊ नका.

काउंटरबोर असलेल्या नळीत पायरीच्या कोपऱ्यात काजळी आणि ओल साठते. तिथे नळीतला तुकडा पोचत नाही. कापसाची काडी तेलात बुडवून तो कोपरा वेगळा पुसावा लागतो, जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर आठवड्याला. तोंडात चिंधी किंवा बूच घालून ठेवू नका. आत ओल कोंडते, आणि कुणी विसरून गोळी झाडली तर नळी फुगते. निवडणुकीच्या काळात रायफल पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावी लागू शकते आणि कित्येक आठवडे ती तिथेच राहते. जमा करण्याच्या आदल्या दिवशी नळीत पातळ तेलाऐवजी घट्ट ग्रीसचा पातळ थर द्या, आणि 'झाडण्याआधी ग्रीस काढा' अशी चिठ्ठी बोल्टला बांधा. परत आणलीत की ग्रीस पुसून काढल्याशिवाय आणि नळीतून उजेड आरपार बघितल्याशिवाय काडतूस आत घालायचं नाही.